पिल्लांची घरघर, शिंका आणि उघडी चोच: नागपूरकर कोंबडीपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर, अंगणात किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात दहा-वीस पिल्लं पाळणाऱ्यांकडून हे प्रश्न येत राहतात. पोळा झाला की थोडे येतात, डिसेंबर-जानेवारीत धो-धो येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "कोणतं औषध देऊ?" माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. आधी हवा बघायची, मग आजार ओळखायचा, मग औषध. खालची उत्तरं साधारण आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांसाठी आहेत. जिथे मोठ्या कोंबडीची गोष्ट आहे तिथे तसं लिहिलंय.

१. पिल्लू शिंकतंय. एवढ्यावरून घाबरायचं का?

एका पिल्लाची एखाद-दुसरी शिंक धुळीचीही असते. बारीक भरड्याचं खाद्य टाकल्यावर किंवा खाली अंथरायचं तूस (भाताची टरफलं) नव्यानं पसरल्यावर सगळीच शिंकतात आणि तासाभरात थांबतात. घाबरायचं तेव्हा, जेव्हा आज एक शिंकतंय, उद्या चार शिंकतात आणि दाणा उरायला लागतो.

खरी परीक्षा रात्री. पिल्लं गोळा होऊन बसली, दिवा मालवला, पंखा-कूलर बंद केला की खुराड्याला कान लावून पाच मिनिटं थांबा. दिवसा चिवचिवाटात जे ऐकू येत नाही ते तेव्हा येतं: ओला, बारीक "खर्र-खर्र" आवाज, मध्येच एक झटका देऊन शिंक. नंतर संशय येईल ते पिल्लू हातात घ्या आणि त्याची पाठ कानाजवळ धरा. घरघर असेल तर बोटांनाही जाणवते. त्याचा आवाज मोबाईलवर टिपून ठेवा. डॉक्टरांना फोटोपेक्षा तो जास्त कामाचा.

२. सगळी पिल्लं चोच उघडी ठेवून धापा टाकताहेत. दमा झाला का?

महिना कोणता? एप्रिल-मे असेल, त्यात नवतपा असेल, तर बहुतेक वेळा तो आजार नसून ऊन असतं. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत, ती तोंडानंच अंग थंड करते. उन्हाची धाप ओळखायची अशी: सगळी एकदम धापतात, दुपारी धापतात, पंख अंगापासून सुटे धरतात, नाक-डोळे कोरडे असतात, आवाज येत नाही आणि संध्याकाळी सगळं निवळतं. आजाराची धाप पहाटेच्या गारव्यातही राहते.

उन्हाच्या धापेवर औषध नाही, सोय आहे. पश्चिमेच्या बाजूला ओलं पोतं टांगा, पाणी माठातलं आणि दोन-तीनदा बदललेलं ठेवा, दाणा सकाळी लवकर आणि दिवस कलल्यावर टाका, भर दुपारी पिल्लांना हात लावू नका. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश लागतात आणि पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करत जायचं. आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा दिवसा बल्ब लावून ठेवणं म्हणजे पिल्लं भाजणं. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगा, भिंतीवर नाही.

कूलरबद्दल वेगळं विचारतात. कूलर खोलीत चालेल, पण झोत थेट पिल्लांवर नको. ओल्या हवेनं तूस भिजतं आणि मग खालच्या प्रश्नातली भानगड सुरू होते.

३. औषध आणायला उद्या जाईन. आज रात्री काय करू?

आजारी दिसणारी पिल्लं वेगळ्या खोक्यात घ्या, पण उबेत ठेवा. एकटं पडलेलं पिल्लू आजारापेक्षा थंडीनं लवकर जातं. मग खुराड्याजवळ उकिडवे बसा आणि नाक पिल्लांच्या उंचीला न्या. उभ्यानं वास येत नाही म्हणून तिथे वास नाही असं होत नाही. डोळे चुरचुरले तर अमोनिया झालाय. विष्ठा आणि ओल एकत्र आली की तो तयार होतो, आणि श्वासनळीतली बारीक लव, जी घाण वर ढकलते, तीच तो निकामी करतो. त्यानंतर जो जंतू येईल तो आत बसतो.

हिवाळ्यात हे सर्रास होतं, कारण थंडी लागू नये म्हणून लोक खुराडं चारी बाजूंनी झाकतात. निवडणुकीचे जुने फ्लेक्स त्यासाठी फार लोकप्रिय आहेत. फ्लेक्स लावा, पण वरची वीतभर जागा सगळीकडून मोकळी सोडा. पिल्लांच्या उंचीवर वारा नको आणि डोक्यावरून हवा निघून जायला हवी. ओलं तूस रात्रीच काढून दोन-तीन इंच कोरडं टाका. भंडारा-गोंदियाकडच्या राईस मिलचं तूस इथे सहज मिळतं, पण पोतं उघडून वास घ्या: कुबट असेल तर परत करा (कारण प्रश्न ४ मध्ये).

पाणी कोमट द्या, त्यात थोडा गूळ चालेल. एवढं केल्यावर सकाळपर्यंत निम्म्या पिल्लांचा आवाज कमी झाला, तर दोष हवेचा होता.

४. घरघर कोणत्या रोगाची, हे घरच्या घरी कळतं का?

खात्रीनं नाही, पण अंदाज बांधता येतो, आणि डॉक्टरांना काय सांगायचं ते कळतं.

सगळ्यांत जास्त दिसते ती सीआरडी, म्हणजे मायकोप्लाझ्माची जुनाट सर्दी. हळूहळू पसरते, डोळ्याच्या कोपऱ्यात फेस येतो, पिल्लं खातात पण वाढत नाहीत, मर कमी असते. हा जंतू आईकडून अंड्यातूनही पिल्लात येतो. म्हणून "बाहेरून काहीच आणलं नाही, तरी कसं झालं?" याचं उत्तर बऱ्याचदा अंड्यात असतं.

एक-दोन दिवसांत सगळाच कळप एकदम शिंकायला लागला, तर विषाणूचा संसर्ग धरा. इन्फेक्शियस ब्राँकायटिस असा पसरतो. त्यात पिल्लं उबेला गर्दी करतात आणि घशातून ओला आवाज येतो.

घरघरीसोबत हिरवट पातळ हगवण, पंख लोंबणं, मान वाकडी होणं किंवा पाय ओढणं दिसलं तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. यात वाट बघायची नाही. आज दोन मेली तर उद्या दहा जातात.

तोंड एका बाजूनं सुजलं, नाकातून घट्ट आणि घाण वासाचा स्राव आला तर कोरायझा. हा लहान पिल्लांपेक्षा तलंगांमध्ये (अंड्यावर येऊ घातलेल्या कोवळ्या कोंबड्यांमध्ये) आणि मोठ्या कोंबड्यांमध्ये जास्त.

पिल्लू मान लांबवून, चोच उघडून श्वास ओढतंय, पण आवाज अजिबात नाही, आणि वय पहिल्या दोन आठवड्यांतलं? मग बुरशीचा संशय घ्या. कुबट तूस, भिजून वाळलेली तणीस, गाठी झालेलं खाद्य यांतून अ‍ॅस्परजिलस फुफ्फुसात जातो. त्याला परवडण्यासारखा उपचार नाही. तूस आणि खाद्य त्याच दिवशी बदलायचं, म्हणजे उरलेली वाचतात.

पावसाळ्यात डास वाढले की कोंबड्यांची देवी (फाउल पॉक्स) येते. तुऱ्यावर, डोळ्याभोवती खपल्या असतील तर ओळखणं सोपं. पण देवीचा एक प्रकार तोंडात होतो: जिभेवर, घशात पिवळे चट्टे. ते नखानं खरवडू नका, रक्त येतं आणि सूज वाढून श्वास आणखी अडतो.

५. दुकानदारानं अँटिबायोटिक दिलंय. सुरू करू का?

डॉक्टरांना न विचारता नको. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. राणीखेत, ब्राँकायटिस, देवी हे विषाणूचे आजार, त्यांच्यावर ते चालत नाही. मग डॉक्टर विषाणूच्या आजारातही कधी कधी ते का देतात? विषाणूनं सोलून काढलेल्या श्वासनळीत मागाहून ई. कोलाय हा जिवाणू शिरतो, त्याला आवरायला.

सीआरडीवर टायलोसिन, टियामुलिन, डॉक्सिसायक्लिन असली औषधं वापरतात. घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणारे बरेच भेटतात. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते आणि अमॉक्सिसिलिन नेमकं त्या भिंतीवरच हल्ला करतं, म्हणजे औषध वाया, पाणी वाया आणि दोन दिवस वाया. कोलिस्टिन असलेलं जुनं पाकीट कोणी दिलं तर घेऊ नका. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्यावर २०१९ पासून देशात बंदी आहे.

सुरू केलेलं औषध डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण द्यायचं. दुसऱ्या दिवशी आवाज कमी झाला म्हणून थांबवलं की आठवड्यानं तोच आवाज परत येतो.

६. पाण्यातून औषध देताना चूक कुठे होते?

प्रमाणात. पाकिटावर "एक लिटरला इतकं" लिहिलेलं असतं, पण मे महिन्यात पिल्लं दुप्पट पाणी पितात आणि जानेवारीत जेमतेम. म्हणून पिल्लांचं वजन आणि दिवसभरात संपणारं पाणी हे दोन आकडे डॉक्टरांना सांगा. औषधाचं पाणी रोज ताजं करा, सावलीत ठेवा आणि त्या काळात दुसरं भांडं ठेवू नका.

डॉक्सिसायक्लिनसारखं औषध कॅल्शियमला चिकटतं आणि अंगी लागत नाही. तेवढे दिवस शिंपल्यांचा चुरा, चुनखडी, दूध-दही बंद. बोअरचं पाणी जड असेल तर औषधासाठी आरओचं किंवा नळाचं वापरा. लसीसाठी मात्र नळाचं नको (प्रश्न १०).

७. पिल्लू पाणीच पीत नाही. ड्रॉपरनं पाजलं तर चालेल?

चालेल, पण बऱ्याच पिल्लांचा जीव याच कामात जातो. पिल्लाची चोच उघडून बघा: जिभेच्या बुडाशी मधोमध एक छोटी फट उघड-मीट करताना दिसेल. ती श्वासनळी. चोच वर करून घशात पिचकारी मारली की पाणी थेट तिथे जातं. पिल्लाला फडक्यात गुंडाळा, डोकं सरळ ठेवा आणि चोचीच्या कडेला बाहेरून एक थेंब लावा. ते जीभ हलवून गिळेल. गिळल्यावरच दुसरा थेंब. धापा टाकणाऱ्या पिल्लाला असंही पाजू नका. आधी उबेत ठेवून श्वास शांत होऊ द्या.

८. हळद, तुळस, लसूण, ओव्याचा धूर: काय खरं?

खाद्यात चिमूटभर हळद, पाण्यात तुळस-अडुळशाचा काढा, ठेचलेला लसूण यानं नुकसान नाही. पिल्लं प्यायची थांबणार नाहीत एवढं फिकं ठेवा. पण राणीखेत हळदीनं थांबत नाही, आणि काढ्याच्या भरवशावर चार दिवस काढणं महागात पडतं.

धुराला माझा साफ विरोध आहे. गोवरीवर कडुनिंबाचा पाला किंवा ओवा टाकून खुराड्यात धूर करतात, डासांसाठी म्हणून आणि सर्दीसाठी म्हणूनही. पक्ष्याची श्वसनाची रचना आपल्यापेक्षा वेगळी आहे. फुफ्फुसांना जोडलेल्या नऊ हवेच्या पिशव्या पोटापर्यंत पसरलेल्या असतात, आणि श्वासाबरोबर आलेलं सगळं तिथवर पोचतं. आधीच सुजलेल्या नळीत धूर भरणं याला उपचार म्हणता येत नाही. डासांसाठी जाळी लावा.

९. डोळ्यात फेस आलाय, पापण्या चिकटल्यात. डोळ्याचं औषध घालू?

आपल्या घरातले स्टिरॉइडचे थेंब तर मुळीच नको. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाऊण चहाचा चमचा मीठ घाला, कापसानं दिवसातून दोन-तीनदा डोळा पुसा, दर डोळ्याला नवा कापूस. डोळा मिटलेलं पिल्लू दाणा शोधू शकत नाही, म्हणून पाणी-दाणा त्याच्या चोचीपाशी ठेवा. फेस बहुधा सीआरडीचा असतो (प्रश्न ४), तेव्हा नुसता डोळा धुऊन काम संपत नाही. अमोनियानंही डोळे मिटतात, म्हणून प्रश्न ३ मधली नाकाची परीक्षा आधी.

आठवडेच्या आठवडे नुसत्या कण्या-भातावर वाढलेल्या पिल्लांत अ जीवनसत्त्व कमी पडूनही डोळ्यात घट्ट पांढरं साचतं. शेवग्याचा पाला, पालक बारीक चिरून रोज द्या.

१०. कोणती लस, केव्हा? माझी तर दहाच पिल्लं आहेत.

राणीखेतसाठी पहिल्या आठवड्यात (५ ते ७ व्या दिवशी) लासोटा किंवा एफ स्ट्रेन, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. साधारण चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. आठव्या आठवड्याच्या सुमारास आर२बी टोचून. आर२बी कडक लस आहे, लहान पिल्लांना ती देऊ नका, तीच आजार करते. देवीची लस सहा आठवड्यांच्या पुढे.

अडचण कुपीची आहे. ती १०० किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. त्यावर उपाय एकच: गल्लीतल्या, गावातल्या चार-पाच जणांनी एक दिवस ठरवायचा. लस २ ते ८ अंशांत, बर्फाच्या थर्मासमध्ये आणायची आणि भल्या पहाटे द्यायची. पाण्यातून देणार असाल तर क्लोरीन असलेलं नळाचं पाणी जिवंत लस मारतं. विहिरीचं स्वच्छ पाणी घ्या आणि लिटरला दोन-अडीच ग्रॅम सायीशिवायची दूध पावडर घाला. डोळ्यात थेंब घालण्याइतकं खात्रीचं मात्र काही नाही.

११. लासोटा दिल्यावर चौथ्या दिवशी पिल्लं शिंकायला लागली. लसच खराब होती?

नाही. लासोटा जिवंत विषाणूची लस आहे, तीन ते पाच दिवसांनी हलक्या शिंका येणं अपेक्षित आहे आणि दोन-तीन दिवसांत जातं. पिल्लं खातात-पितात का एवढं बघा. शिंका आठवड्याच्या पुढे गेल्या किंवा घरघर झाली, तर लसीनं आत दडलेली सीआरडी उठवली असं समजा. म्हणूनच आधीच आजारी असलेल्या पिल्लांना लस देत नाहीत. लस हाताळल्यावर साबणानं हात धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर माणसाचेही डोळे येतात.

१२. सायकलवाल्याकडून मुलांनी रंगीत पिल्लं घेतली. जुन्या पिल्लांत सोडू का?

तीन ते चार आठवडे नाही. ही बहुतेक लेयर (अंड्यांच्या जातीच्या) हॅचरीतली नर पिल्लं, उन्हातान्हात फिरवलेली, लसीचा पत्ता नाही. वेगळं खोकं, वेगळं भांडं, आणि काम करताना आधी जुनी पिल्लं, मग नवी. हाच नियम बाजारातून आणलेल्या गावरान कोंबडीला आणि पाहुण्यांनी भेट दिलेल्या कोंबड्यालाही. पाहुण्यांना वाईट वाटेल, वाटू द्या.

१३. सीआरडीतून बरी झालेली कोंबडी खुडुक बसलीय. तिची अंडी उबवायची?

खायला चालतील (औषधाचे दिवस सोडून, प्रश्न १४). उबवायला नको. बरी दिसणारी कोंबडीही हा जंतू बाळगून असते आणि अंड्यातून पिल्लांना देते. तिच्याखाली दुसऱ्या निरोगी कळपाची अंडी ठेवली तरी पिल्लं फुटल्यावर तिच्याकडूनच घेतात. चांगली खुडुक कोंबडी वाया घालवायला जीव होत नाही, पण घरची सर्दी पिढ्यान्‌पिढ्या चालते ती इथूनच.

१४. औषध चालू असताना अंडी-मांस खायचं का?

औषधाच्या लेबलवर थांबायचे दिवस छापलेले असतात. छापलेले नसतील तर औषध नियमांप्रमाणे शेवटच्या मात्रेनंतर अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस थांबायचं. आजारी पक्षी "मरण्याआधी कापून घेऊ" म्हणून कापू नका.

१५. हे बर्ड फ्लू तर नाही ना?

नुसत्या शिंका आणि फेस असेल तर बहुधा नाही. एका-दोन दिवसांत बरेच पक्षी अचानक मेले, तुरा आणि गलोल (चोचीखालचे लोंबते लाल पदर) निळे-जांभळे पडले, डोकं सुजलं, तर मात्र संशय घ्यायलाच हवा. देशात हा रोग पहिल्यांदा आपल्याच राज्यात, नवापूरला २००६ मध्ये आढळला. नागपूरही सुटलेलं नाही: मार्च २०२४ मध्ये इथल्या शासकीय अंडी उबवणी केंद्रात तो निघाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्यात तीन वाघ व एक बिबट्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूनं दगावले.

संशय आल्यावर मेलेले पक्षी स्वतः घेऊन हिंडू नका, विकू नका, नाल्यात टाकू नका. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लू आणि राणीखेत दोन्ही २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग कायद्याच्या यादीत आहेत. "कळवलं तर सगळीच मारतील" या भीतीनं लोक गप्प बसतात. सरकारनं नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही, हे लक्षात घेतलं तर लवकर कळवण्यातच फायदा आहे.

१६. मेलेलं पिल्लू तपासून मिळतं का?

मिळतं, आणि औषधावर खर्च करण्याआधी हे करावं असं मी प्रत्येकाला सांगतो. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तालुक्याला दवाखाने आहेत. निघण्यापूर्वी फोन करून विचारा. पक्षी ताजा हवा. दुहेरी पिशवीत, बाहेरून बर्फ लावून न्या, फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठवल्यावर आतलं नीट दिसत नाही. प्रश्न १५ ची लक्षणं असतील तर न्यायचं नाही, कळवायचं.

१७. डॉक्टरांचं औषध पूर्ण दिलं, तरी एका-दोघांचा आवाज जात नाही. आता?

बाकीची बरी झाली आणि एखादंच राहिलं, तर ते पिल्लू उजेडात धरून तोंड बघा: देवीचे चट्टे, अडकलेला दाणा किंवा दोऱ्याचा तुकडा सापडतो. काही नसेल तर हवेच्या पिशव्यांत घट्ट पू साचलेला असू शकतो, तिथे औषध पोचत नाही. असं पिल्लू तगतं, पण थंडीत पुन्हा घरघरतं.

सगळ्यांचाच आवाज तसाच असेल तर क्रमानं बघा: हवा (प्रश्न ३), पाण्यातल्या औषधाची मात्रा (प्रश्न ६), आजार विषाणूचा किंवा बुरशीचा होता का (प्रश्न ४). उकिरड्यावर गांडुळं टिपणारी पिल्लं मान झटकत जांभई दिल्यासारखं करत असतील, तर श्वासनळीतल्या जंताबद्दल डॉक्टरांना विचारा, त्याचं जंतनाशक वेगळं असतं. आणि दुसरं अँटिबायोटिक स्वतःहून सुरू करण्याऐवजी एक पिल्लू तपासायला न्या (प्रश्न १६). सगळा कळप गेलाच, तर तूस जाळा, खुराड्याला चुना मारा, दोन-तीन आठवडे ऊन खाऊ द्या. मायकोप्लाझ्मा पक्ष्याबाहेर फार दिवस टिकत नाही, पण "दोन जुन्या कोंबड्या ठेवल्यात फक्त" असं असेल तर चुन्याचा उपयोग नाही.